हजार विड्यांचा हिशेब
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी धडा)

धड्याचा विषय: कामकऱ्यांची मजुरी, त्यांची सुरक्षितता व त्यांचा संघ.

धड्याचा उद्देश: मजुरी कोणकोणत्या वाटांनी गळते हे समजून घेणे, ती गळती थांबविण्यासाठी कामकऱ्यांनी आजवर काय केले हे पाहणे, आणि या कामी आपल्या खेड्यातील मंडळीला काय करता येईल ते ठरविणे.

प्रास्ताविक

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे सिन्नर लागते. परगावचे लोक गोंदेश्वराच्या प्राचीन देवळासाठी हा गाव ओळखतात. पण नाशिक जिल्ह्यातील गोरगरिबांना त्याची ओळख विडीच्या धंद्याने झाली. तालुक्याच्या पूर्वेकडील भाग अवर्षणाचा. पावसाने तोंड फिरविले म्हणजे शेतमजुरी बंद पडते आणि घरात बसून चार पैसे मिळविण्याचे साधन म्हणून सूप मांडीवर येते. पुढे माळेगाव व मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती झाल्या, पुष्कळ तरुण कारखान्यांत गेले, विडीचा खपही पूर्वीसारखा राहिला नाही. तथापि सिन्नर, नाशिक, संगमनेर, अहिल्यानगर, सोलापूर या गावांतील विडी कामगारांचा इतिहास आपणांस पुष्कळ शिकवितो. कोणत्याही हलक्या मजुरीच्या धंद्यात जे जे घडते, ते सर्व या एका धंद्यात उघडपणे पाहावयास मिळते. म्हणून आजच्या धड्यास आम्ही हा विषय घेतला आहे.

१. काम कसे चालते

टेंभुर्णीची पाने रात्री भिजत घालावी लागतात. सकाळी ती लोखंडी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापावयाची. मग एकेका पानात चिमूटभर तंबाखू घालून ते वळावयाचे, टोके दुमडावयाची आणि सुताने बांधावयाचे. हजार विड्यांस सुमारे पाव किलो तंबाखू लागते. हात बसलेली बाई दिवसभर मान खाली घालून बसली तर आठशे ते हजार विड्या होतात. चूलपाणी, मुलेबाळे व दुखणीबाणी सांभाळून वळणारीच्या तितक्या होत नाहीत. संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी माल घेऊन कारखान्यात अगर ठेकेदाराकडे जावयाचे, तेथे विड्या तपासल्या जातात, मोजल्या जातात, आणि पुढच्या दिवसाची पाने व तंबाखू मिळते.

मजुरी दिवसावर ठरत नाही. ती हजारावर ठरते. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व गोष्टींचे मूळ त्यात आहे.

२. मजुरी कोठे गळते

ठरलेला दर आणि हातात पडलेला पैसा यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर पुढील वाटांनी पडते.

पहिली वाट मालाची. हजार विड्यांसाठी दिलेली पाने जुनी, फाटकी किंवा वजनाने कमी असली तर हजार भरत नाहीत. उरलेली पाने व तंबाखू बाईने पदरच्या पैशाने आणावयाची.

दुसरी वाट छाटीची. तपासणारा काही विड्या वाईट म्हणून बाजूस काढतो. यास छाट म्हणतात. छाटलेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्या विड्या वळणारीला परतही मिळत नाहीत.

तिसरी वाट नोंदीची. चार बायांनी वळलेल्या विड्या एकीच्याच पुस्तकावर चढविल्या म्हणजे उरलेल्या तिघी कागदावर नाहीतच. त्यांस रजा नाही, बाळंतपणाचा लाभ नाही, भविष्य निर्वाह निधी नाही.

चौथी वाट खरेदी-विक्रीच्या सोंगाची. मालक म्हणतो, “मी पाने व तंबाखू विकली, आणि बाईकडून तयार विड्या विकत घेतल्या, ती माझी कामगार नव्हे, ती व्यापारी.” सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला व्यापारी ठरविणारे हे कागद ज्याने पाहिले असतील, त्यास मजुरीचा कायदा कागदावरच कसा मारला जातो हे वेगळे सांगावयास नको.

आता एक उदाहरण सोडवू. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. समजा, हजारी दर २०० रुपये आहे आणि एक बाई दिवसास ८०० विड्या वळते. तिची मजुरी १६० रुपये झाली. त्यांतून ८० विड्या छाटल्या, म्हणजे १६ रुपये गेले; राहिले १४४. कमी पडलेल्या पानांसाठी तिने १५ रुपये खर्चिले, राहिले १२९. आता नियमाप्रमाणे चालले असते तर काय झाले असते? १९६६ च्या विडी कामगार कायद्याखालील नियमांत असे ठरले होते की, छाट सामान्यतः शेकडा ५ हून अधिक असू नये. आणि कामगाराने जाणूनबुजून हयगय केली नसेल तर छाटलेल्या विड्यांचीही निम्मी मजुरी द्यावी. त्याप्रमाणे ४० विड्या छाटल्या असत्या. ७६० विड्यांचे १५२ रुपये आणि छाटीचे ४ रुपये मिळून १५६ झाले असते. माल पुरेसा असता तर पदरचे काही गेले नसते. रोजचा फरक २७ रुपये. महिन्यात २५ दिवस काम धरले तर ६७५ रुपये. ज्या घरात मुलीची शाळा चालू ठेवावी की सोडवावी याचा विचार चालला आहे, त्या घरात ही रक्कम निर्णय फिरविते.

यावरून दिसेल की, दर वाढवून मागणे हा लढ्याचा एक भाग झाला. वजन, छाट आणि नोंद यांवर नजर ठेवणे हा दुसरा भाग, आणि तो पहिल्याइतकाच मोठा आहे.

३. कामगार कोणास म्हणावे?

हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु त्यावर मोठे खटले झाले आहेत.

१९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ साली अहवाल दिला, त्यात विडीच्या कोंदट जागा आणि तेथे राबणारी लहान मुले यांचा उल्लेख आला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात विडीचा धंदा घालण्यात आला. तथापि १९६१ साली महाराष्ट्रातील एका विडी कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा निकाल कामगाराच्या विरुद्ध गेला. विडी वळणारा वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, त्याच्या कामावर देखरेख नसते. सबब कारखाने कायद्याच्या अर्थाने तो कामगार नव्हे आणि त्यास रजेचा पगार मिळणार नाही, असे बहुमताने ठरले. तिघा न्यायमूर्तींपैकी सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले.

ही उणीव १९६६ च्या कायद्याने भरून काढली. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन जो घरी विडी वळतो तोही कामगारच, अशी व्याख्या त्यात घालण्यात आली. मालकांनी या कायद्यास आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. १९७७ साली विडीचा धंदा भविष्य निर्वाह निधीच्या योजनेत आला, आणि घरी वळणाऱ्या बायांसही हा निधी मिळाला पाहिजे, असा निकाल १९८५ साली झाला. १९७६ च्या कायद्यान्वये विडीवर उपकर बसवून त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरे यांसाठी कल्याण निधी उभारला गेला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर बंद झाला.

वाचकहो, १९३१ पासून १९८५ पर्यंतची ही वाट पन्नासांहून अधिक वर्षांची आहे. घरात बसून मालकाचा माल तयार करणारी बाई कामगार आहे, एवढी साधी गोष्ट मान्य होण्यास इतका काळ लागला.

आज कायद्याची स्थिती बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६६ चा कायदा, किमान वेतनाचा कायदा व १९२६ चा कामगार संघांचा कायदा हे त्यांत विलीन झाले. किमान वेतन आता सर्व धंद्यांतील कामगारांस लागू आहे. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. दुसऱ्या बाजूस, संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस देण्याचे बंधन सर्वच उद्योगांवर आले आहे. अनेक कामगार संघटनांनी या संहितांस विरोध केला आहे. अभ्यासवर्गात दोन्ही बाजूंचा विचार व्हावा.

४. संघ कशासाठी?

एकट्या बाईने छाटीबद्दल तक्रार केली तर तपासणारा म्हणतो, “उद्यापासून पाने मिळणार नाहीत.” पन्नास बायांनी एकत्र तक्रार केली तर त्यास तसे म्हणता येत नाही. संघाचे मूळ एवढ्यात आले.

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईतील गिरणी कामगारांस एकत्र आणले. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मजुरी ठरल्या मुदतीत मिळावी आणि कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी, अशा त्यातील मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिल महिन्यात भरलेल्या मोठ्या सभेत दोन कामकरी बायांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी आपण मोकळेपणाने एकत्र जमतो, त्या मोकळिकीमागे या कामकऱ्यांचे श्रम आहेत हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते?

विडी आणि तंबाखूच्या धंद्यातील उदाहरणेही थोडी नाहीत. १९८० च्या सुमारास निपाणी येथे तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायांनी आपला संघ उभारला. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती. केरळात १९६६ चा कायदा अमलात येऊ लागताच मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा कन्नूर येथील कामगारांनी १९६९ साली ‘केरळ दिनेश बीडी’ ही स्वतःची सहकारी संस्था काढली. सोलापुरात आडम मास्तर या नावाने ओळखले जाणारे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांची गोदूताई परुळेकर गृहनिर्माण संस्था उभी राहिली. केंद्र सरकार, राज्य सरकार व कामगार यांच्या वाट्याने कुंभारी येथे दहा हजार घरे बांधली गेली आणि १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा ताबा देण्याचा समारंभ झाला. एका बाईने जन्मभर मागितले असते तरी तिला एक खोली मिळाली नसती. संघटित झाल्यावर एक गावच वसले.

संघ स्थापन करणे कठीण असले तरी बेकायदा नाही. निदान सात जणांनी नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. मात्र नोंदणीसाठी त्या धंद्यातील अगर कारखान्यातील शेकडा १० कामगार किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असले पाहिजेत. संघाचे हिशेब उघडे असावेत, वर्गणीची पावती मिळावी, आणि पुढारी सभासदांनी निवडलेले असावेत. जो संघ आपल्याच सभासदांस हिशेब दाखवीत नाही, त्यास मालकाकडे हिशेब मागण्याचे तोंड राहात नाही.

५. जीव मोलाचा आहे

तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. खोकला, दमा, मान व पाठ यांचे दुखणे, डोळ्यांवरचा ताण, हे विडी वळणाऱ्यांच्या नशिबी ठेवलेलेच. खोली लहान असली की पाळण्यातले मूलही त्याच धुळीत वाढते. काम घरी आहे म्हणून हा धोका कोणाच्या दृष्टीस पडत नाही, इतकेच.

मोठ्या कारखान्यांतील धोका निराळा. १ जानेवारी २०२३ रोजी इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथील कारखान्यात भयंकर आग लागून कामगारांचे प्राण गेले. आणि शेतही निर्धास्त नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांतही फवारणी होते, आणि सुरगाणा व पेठ या भागांतून कामास येणारी कुटुंबे बागेच्या कडेलाच राहतात. तोंडावर बांधावयास फडके, हातमोजे, अंग धुण्यास पाणी व साबण, आणि फवारणीनंतर ठराविक काळ बागेत न जाण्याची सूचना, हे देण्यास फार पैसा लागत नाही.

६. एक अडचणीचा प्रश्न

आपल्या मंडळीत कोणी विचारील, “विडी ओढणे वाईट, मग तो धंदा टिकावा म्हणून आपण का झटावे?” प्रश्न योग्य आहे आणि त्यास बगल देऊ नये. तंबाखूने रोग होतात यात संशय नाही. २००३ साली आपल्या देशात तंबाखू नियंत्रणाचा कायदा झाला. २००४ साली भारताने तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारास मान्यता दिली. त्याच करारात असेही कलम आहे की, तंबाखूवर पोट भरणाऱ्या कामकऱ्यांस व शेतकऱ्यांस पर्यायी उपजीविका मिळवून देण्यास सरकारांनी साहाय्य करावे.

यावर आमचे उत्तर असे. धंदा कमी होत जावा ही इच्छा एक, आणि आज वळलेल्या विडीची मजुरी पूर्ण मिळावी ही मागणी दुसरी. दोहोंत विरोध नाही. ज्या बाईने वीस वर्षे विड्या वळल्या, तिचे नाव पुस्तकात असते तर धंदा बसला तरी तिच्या हाती निधी व निवृत्तिवेतन आले असते. २०१४ साली या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आली. ती तुटपुंजी आहे, पण दहा वर्षांची नोंद नसेल तर तीही मिळत नाही. खप घटल्यावर केरळातील त्या सहकारी संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या इत्यादी दुसऱ्या वस्तू काढण्यास आरंभ केला. हा पर्याय त्यांना सुचला, कारण ते आधीपासून संघटित होते. विखुरलेल्यांस धंदा सोडतानाही रिकाम्या हातानेच सोडावा लागतो.

७. हाच धडा इतर ठिकाणी

मालेगावच्या यंत्रमागावर मजुरी कापडाच्या लांबीवर ठरते; तेथेही मोजणीचाच प्रश्न. सातपूर व अंबड येथील कारखान्यांत ठेकेदाराचा कामगार आणि कायम कामगार एकाच यंत्राशी उभे राहतात आणि निराळी मजुरी घेतात. लासलगाव व पिंपळगाव येथील बाजारात कांद्याची गोणी उचलणारा हमाल आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्याकडे. मग त्याचा मालक कोण? या प्रश्नास १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली हमालांनी केलेल्या चळवळीचे ते फळ होय. मालक व कामगार या दोघांची नोंद मंडळाकडे करावयाची, मजुरी मंडळामार्फत द्यावयाची, आणि निधी, सुट्टी, औषधोपचार यांसाठी मालकाने वर लेव्ही भरावयाची, अशी ही योजना आहे. ज्याचा मालक रोज बदलतो त्यासही हक्क देता येतात, हे या कायद्याने सिद्ध केले.

८. आपण काय करावे?

(अ) नोंद ठेवण्यास शिकवावे. मंडळीतील शिकलेल्या मुलामुलींनी कामकरी बायांस एक वही करून द्यावी. त्यात तारीख, मिळालेल्या पानांचे व तंबाखूचे वजन, दिलेल्या विड्या, छाट आणि हाती आलेले पैसे लिहावेत. तक्रारीच्या वेळी ही वही वकिलाइतकी उपयोगी पडते.

(ब) ओळखपत्र, निधीचा क्रमांक व बँकेचे पुस्तक यांतील नावे जुळतात की नाहीत ते पाहावे. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर असल्यामुळे किती तरी बायांचे पैसे अडकून राहतात.

(क) संघाच्या सभेस जागा द्यावी. ज्या गावात बायांस बसून बोलावयास ठिकाण नाही, तेथे शाळेची अगर मंडळीची खोली उघडी करणे हे मोठे साहाय्य होय.

(ड) आधी आपले अंगण झाडावे. आपणही कांदा लावण्यास, द्राक्षे खुडण्यास, घर बांधण्यास मजूर लावतो. बाईस गड्यापेक्षा कमी रोज का देतो? रोज ठरविताना एक आणि देताना दुसरा असे होते काय? संध्याकाळी द्यावयाचे पैसे बाजाराच्या दिवसापर्यंत का राहतात? जो दुसऱ्याच्या कारखान्यातील छाटीबद्दल बोलतो, त्याच्या स्वतःच्या शेतात छाट होता कामा नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. हजार विड्यांची मजुरी ठरलेली असूनही हाती कमी पैसा का येतो? चार वाटा सांगा.
२. १९६१ चा निकाल आणि १९६६ चा कायदा यांत “कामगार” या शब्दाचा अर्थ कसा बदलला?
३. लोखंडे यांच्या अर्जातील कोणती मागणी आपल्या गावातील मजुरांस आजही लागू पडते?
४. माथाडी कायद्याची योजना द्राक्षबागेतील मजुरांसाठी करता येईल काय? अडचणी कोणत्या येतील?
५. हानिकारक मालाच्या धंद्यातील कामकऱ्यांस साहाय्य करावे की नाही? दोन्ही बाजू मांडा.
६. आपल्या मंडळीतील किती घरे मजुरी करतात आणि किती घरे मजूर लावतात? पुढील आठवड्यास दोघांनीही आपली वही आणावी आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.